कडक बाई लिहायच्या कशा? गोष्टीच्या गेमसाठी शिक्षकाचं पात्र उभं करताना

गोष्टीच्या गेममध्ये, म्हणजे खेळणारा पर्याय निवडत गोष्ट पुढे नेतो अशा गेममध्ये, शिक्षक आणायचा ठरला की नवख्या लेखकाच्या हातून काय उतरणार ते ठरलेलं असतं. चष्मा, छडी, कपाळाला आठी. मग या बाई ‘आतून प्रेमळ’ आहेत हे कळावं म्हणून शेवटाकडे एक प्रसंग येतो. शाळा सुटल्यावर बाई कुणाची तरी फी गुपचूप भरतात, मागे बासरी वाजते, खेळणाऱ्यानं डोळे पुसायचे. खरं तर ही दोन वेगळी पात्रं झाली. एक सकाळी अकराला वर्गात येतं, दुसरं संध्याकाळी पाचनंतर.

कडकपणा आणि माया या दोन्ही गोष्टी बाईंच्या एकाच सवयीतून आल्या पाहिजेत, आणि ती सवय म्हणजे लक्ष ठेवणं. कोण उशिरा आलं, कुणाची चप्पल तुटलीय, कोण दोन दिवस डबा उघडत नाही, कुणाची वही दुसऱ्याच्या अक्षरात आहे. ज्या बाईंना हे सगळं दिसतं त्यांचा धाक वाटतो, आणि आधारही त्यांचाच वाटतो. गेमला हे काम कथेपेक्षा सोपं जातं, कारण खेळणाऱ्यानं जूनमध्ये काय केलं ते गेमला फेब्रुवारीत आठवू शकतं.

आधी गाव, साल आणि इयत्ता

‘महाराष्ट्रातली एक शाळा’ एवढ्यावर पात्र उभं राहत नाही. एक नमुना घेऊ आणि तोच शेवटपर्यंत वापरू. सांगली जिल्हा, पलूस तालुका, कृष्णाकाठचं एक काल्पनिक गाव. माध्यमिक शाळा, दहावी ब. काळ जून २००५ ते मार्च २००६. वर्गशिक्षिका मोहिते बाई, विषय बीजगणित आणि भूमिती. खेळणारा म्हणजे त्या वर्गातलं एक पोर.

२००५ कशासाठी? त्या जुलै-ऑगस्टात कृष्णेला मोठा पूर आला, म्हणजे गोष्टीच्या पहिल्याच टप्प्यात एक मोठी घटना आयती मिळते. शिवाय तेव्हा खेड्यातल्या पोरांच्या हातात मोबाइल नव्हता. गैरहजर पोराचा पत्ता लावायचा तर बाईंना त्याच्या वस्तीवर जावं लागे, नाहीतर शेजारच्या पोराजवळ निरोप द्यावा लागे. पालकांचा व्हॉट्सॅप ग्रुप आला की कडक शिक्षकाची निम्मी गोष्ट संपते. आजच्या काळातला गेम करायचा तर जरूर करा, पण मग ग्रुपवर मेसेज टाकायचं सोडून बाई स्वतः का गेल्या, याचं कारण तुम्हाला शोधावं लागेल.

मग शाळेचं वर्ष कागदावर मांडा. जूनमध्ये शाळा भरते. जुलैअखेर पाणी चढतं. सप्टेंबरात गणपती. ऑक्टोबरात सहामाही, आणि नेमकी त्याच वेळी द्राक्षबागांची छाटणी, म्हणजे हजेरी घसरणार. दिवाळीच्या आगेमागे बोर्डाचे फॉर्म. कारखान्याचं बॉयलर पेटलं की गावाबाहेर ऊसतोड टोळ्यांच्या खोपी दिसायला लागतात. हिवाळ्यात गॅदरिंग, फेब्रुवारीत निरोप समारंभ, मार्चमध्ये परीक्षा. ही तुमची प्रकरणं. वेगळा आराखडा करत बसायची गरज नाही.

हीच गोष्ट सातारा जिल्ह्यात माण-खटावला नेली तर पूर जातो आणि टँकर येतो, मेंढरं घेऊन महिनोन्महिने बाहेर फिरणारी कुटुंबं येतात. बाई त्याच राहिल्या तरी त्यांना कशाशी झगडायचंय ते बदलतं. म्हणून गाव आधी, बाई नंतर.

बाईंना काय हवंय

हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. मोहिते बाईंचं वाक्य असं: दहावी ब मधलं एकही नाव परीक्षेच्या आधी कॅटलॉगमधून, म्हणजे हजेरीपटातून, गळता कामा नये.

आणि त्यांना भीती कशाची? पूर्वी कधीतरी, नियमाला धरूनच, त्यांनी एका मुलाच्या नावावर लाल रेघ ओढली. पोरगं परत शाळेत आलं नाही. ही हकिगत खेळणाऱ्याला सविस्तर सांगायचीच नाही. तुम्हाला माहीत असली की पुरे, तिचे परिणाम तेवढे दिसू द्या. बाई वह्या निळ्या पेननं तपासतात. वर्गातलं एखादं आगाऊ पोर विचारतं, ‘बाई, लाल पेन संपला का?’ बाई मान वर न करता म्हणतात, ‘चूक निळ्यातही दिसते.’ विषय तिथंच संपतो. ज्याला खटकायचं त्याला खटकेल.

नियम लिहून काढा

पाच-सहा नियम बास झाले. प्रत्येक नियम खेळणाऱ्याला जाचला पाहिजे, आणि प्रत्येकाला काहीतरी कारण असलं पाहिजे, जे बाई कधी सांगत नाहीत. नमुना म्हणून कंपासपेटीचा नियम बघा. भूमितीच्या तासाला कंपास नसेल तर उभं राहायचं. पोरांना वाटतं, झाला अपमान. पण बाईंच्या कपाटात जुन्या कंपासपेट्या आहेत, झाकणावर खिळ्यानं कोरलेले नंबर. त्या म्हणतात:

‘कपाटातली चार नंबरची घे. वहीत सही कर. पाच वाजता परत. हरवलीस तर उद्या घरी येऊन आईलाच विचारेन.’

रागावणं, मदत करणं आणि घरी येण्याची धमकी, सगळं एका दमात. शिवाय पेटी उसनी आहे, फुकट नाही, त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. माया दाखवायला बाईंनी आवाज मऊ करायची गरज पडली नाही, हे बघा. नवख्या लेखकाला याच जागी मोह होतो, कंसात ‘हळुवारपणे’ असं लिहायचा. लिहू नका.

दुसरी गोष्ट, नियम बाईंनाही लागू असू दे. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘उशिरा आलेले’ अशी यादी असते. एखाद्या दिवशी एसटी बंद पडते, बाई दहा मिनिटं उशिरा येतात, खडू घेतात आणि त्या यादीत ‘मोहिते’ लिहून तास सुरू करतात. वर्गात कुणी हसत नाही. या प्रसंगाला पर्याय देऊ नका, संगीत देऊ नका, तो नुसता घडू दे.

कडक वेगळं, मारकुटं वेगळं

इथं जरा थांबून विचार करायला हवा. बालकांच्या शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम १७ नं मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. तुमचा गेम २००५ मधला असेल तर शाळेत पट्टी असणार, अंगठे धरून उभं करणं असणार. ते नव्हतंच असं दाखवणं खोटेपणाचं होईल. पण ‘सरांनी मारलं म्हणून आम्ही घडलो’ हे मोठ्या माणसांचं आवडतं वाक्य गेमनं जसंच्या तसं उचलू नये. मार खाऊन शाळा सोडलेली पोरं ते वाक्य म्हणायला समोर नसतात. माझं मत विचाराल तर पट्टी शेजारच्या वर्गातल्या एखाद्या सरांच्या हाती द्या आणि दहावी ब ला भिंतीपलीकडून तिचा आवाज ऐकू येऊ दे. मोहिते बाई तेवढ्यापुरत्या बोलायच्या थांबतात, मग पुढचं प्रमेय. दोघांतला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

अपमानाचंही तसंच. बाई आळसावर बोलतील, खोटं बोलण्यावर बोलतील, अक्षरावर तर बोलतीलच. जात, बापाचा धंदा, घरची गरिबी, अंगाचा रंग यावर त्या कधीच बोलणार नाहीत. ही रेघ तुमच्या संवादांच्या फाइलीत सगळ्यात वर लिहून ठेवा. टोमणा लिहिताना हात वाहवतो.

शिस्त आणि माया एकत्र नांदताना बघायची असेल तर सातारा जिल्ह्याचा इतिहास हाताशी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची आणि आपली कामं आपण करायची. पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांसाठी मंगळसूत्र मोडलं, ही गोष्ट आपल्याकडे घराघरात माहीत आहे. नवखा लेखक नेमकं ते मंगळसूत्र उचलतो. उचलण्यासारखं आहे ते त्याआधीचं रोजचं जगणं. ज्या घरात पोरांना कष्ट चुकत नव्हते त्याच घरात त्यांचं पोट भरलं की नाही ते बघितलं जात होतं. त्यागाचा एक प्रसंग तुमच्या गेममध्ये असायला हरकत नाही, पण त्याच्या आधी साध्या दिवसांचे पंचवीस-तीस प्रसंग हवेत.

बोलणं

निम्मं पात्र इथं तयार होतं, म्हणून इथं वेळ घालवा.

हाक कशी मारतात ते आधी ठरवा. मोहिते बाई वर्गात आडनावानं हाक मारतात: ‘पवार, फळ्यावर.’ आडनावाच्या आधी नाव आणि बापाचं नाव लागलं, कॅटलॉगमधल्यासारखं, की समजायचं आज काही खरं नाही. ‘या साहेब, बसा’ म्हणाल्या तर त्याहून वाईट. नुसतं पहिलं नाव त्या वर्षभरात दोन-तीनदाच घेतात. ‘बाळा’ एकदाही नाही, किंवा अगदीच राहवत नसेल तर पुराच्या रात्री एकदा, आणि तेही खेळणाऱ्याला उद्देशून नको, कुणाच्या तरी धाकट्या भावाला.

बाईंची वाक्यं आखूड ठेवा. सात-आठ शब्द झाले की पूर्णविराम. त्या कारण देत नाहीत, ‘मला वाटतं’ म्हणत नाहीत, आभार मानत नाहीत. शाबासकीचा सगळ्यात वरचा शब्द ‘ठीक’. ‘ठीक. पुढचं.’ हे वर्षातून एकदा ऐकायला मिळालं तर खेळणारा तेवढ्यासाठी चार गणितं जास्त सोडवतो, आणि तुम्हाला हवंय तेच घडतं. ‘शाब्बास! खूप छान!’ अशी खैरात केली की शब्दाला किंमत राहत नाही.

पोरांच्या तोंडी इकडची बोली असू दे: ‘न्हाई बाई’, ‘आत्ता आलो की’, ‘म्या न्हाई केलं त्ये’. पण सगळ्यांच्या तोंडी सारखी नको. तालुक्याच्या गावाहून येणारी पोरगी वेगळं बोलेल, शिक्षकाचा मुलगा वेगळं. बाई वर्गात पुस्तकी मराठी बोलतात. शिपाई मामांशी मात्र, व्हरांड्यात, ‘काय वो मामा, घंटा द्यायची का न्हाई आज?’ असं. खेळणाऱ्याला हे एकदा ओझरतं ऐकू द्या. बाईपण याच मातीतल्या आहेत, हे कळायला तेवढं पुरतं.

आता मराठीची खास अडचण. खेळणाऱ्याला मुलगा की मुलगी हे निवडू दिलंत तर बाईंचं वाक्यन् वाक्य दोनदा लिहावं लागेल असं वाटतं: ‘कुठं होतास’, ‘कुठं होतीस’, ‘उभा राहा’, ‘उभी राहा’. घाबरू नका. आपल्या भाषेत पळवाटा भरपूर आहेत आणि कडक बाईंना त्या शोभतात. आज्ञा बहुतेक वेळा दोघांना एकच: ‘वही काढ’, ‘पुन्हा सोडव’, ‘बाहेर हो’. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो, त्यामुळे ‘वही आणली नाहीस’, ‘गृहपाठ कुणाचा उतरवलास?’ हे मुलाला आणि मुलीला सारखंच. भविष्यकाळही सारखा: ‘उद्या येशील तेव्हा बघू.’ अडतं ते अकर्मक भूतकाळात आणि वर्तमानकाळात. तिथं वाक्य फिरवा. ‘दोन दिवस आला नाहीस’ऐवजी ‘दोन दिवस हजेरी नाही तुझी.’ पुष्कळदा हे दुसरं वाक्यच बाईंच्या तोंडी जास्त खुलतं. एवढं करूनही जी थोडी वाक्यं उरतील ती दोनदा लिहा.

खेळणाऱ्यानं टाइप केलेल्या नावाला विभक्ती लावायच्या फंदात पडू नका. कोण काय नाव टाकेल सांगता येत नाही. नाव फक्त हाकेपुरतं, वाक्याच्या सुरुवातीला, पुढे स्वल्पविराम.

आतले आकडे

नवे लोक इथं ‘बाईंची मर्जी’ असा एकच आकडा ठेवतात आणि तो पडद्यावर बदामाच्या चिन्हानं दाखवतात. दोन्ही चुकीचं. एकच आकडा असला की खेळणारा बाईंना खूश करायच्या मागे लागतो, आणि मोहिते बाई खूश होणाऱ्यातल्या नाहीत.

दोन आकडे ठेवा, शून्य ते दहा: धाक आणि विश्वास. हे एकमेकांच्या उलट चालत नाहीत. धाक वाढतो तो बाईंनी पकडलं की. विश्वास वाढतो तो खेळणारा खरं बोलला आणि त्याचं त्याला फारसं वाईट फळ मिळालं नाही की. धाक जास्त आणि विश्वास कमी, तर पर्यायांच्या यादीत खोटं बोलणं सगळ्यात वर दिसू दे. दोन्ही जास्त, तर ‘बाई, एक सांगायचं होतं’ असा पर्याय उघडतो, जो एरवी दिसतच नाही. धाक कमी आणि विश्वास जास्त असला तर पोर लाडावतं आणि बाई त्याला जागेवर आणतात. दोन्ही कमी असलं तर पोर हळूहळू शाळेतूनच सुटतं. ही चौथी वाट नीट लिहा, तिकडं बरेच खेळणारे जातील.

याशिवाय एक यादी ठेवा: बाईंना काय काय माहीत आहे. घरी म्हैस आहे, धार पोराला काढावी लागते, हे माहीत? हो किंवा नाही. आप्पांचं आजारपण? कंपास चार नंबर परत आली? खरं पात्र या यादीतून घडतं. बाईंच्या बोलण्यातला फरक शक्यतो आकड्यांपेक्षा या यादीवरून ठरवा. ‘विश्वास सातच्या वर आहे म्हणून गोड बोलल्या’ हे कुणाच्या लक्षात राहत नाही. ‘म्हैस व्यायली का रे?’ हे राहतं. (हे वाक्य सहज म्हणून विचारायचं, गणित तपासता तपासता. आणि या ‘रे’ला मुलीसाठी ‘गं’ लागेल, विसरू नका.)

एक प्रसंग, जवळून

जुलैची सुरुवात, पहिला तास, खेळणारा वीस मिनिटं उशिरा दारात. पर्याय तीन: ‘एसटी आली नाही, बाई’, ‘घरी काम होतं’, आणि गप्प राहणं. गप्प राहण्याचा पर्याय कायम द्या. आपल्याकडे बाईंसमोर उभं असलेलं पोर बहुतेक वेळा तोच निवडतं.

एसटीचं कारण दिलं, तर:

‘मी त्याच गाडीनं आले.’

एवढंच. धाक एकनं वर. फळ्याच्या कोपऱ्यात नाव. वर्गात खसखस पिकते, बाई खडू उचलतात, हसू थांबतं.

‘घरी काम होतं’ म्हटलं, तर:

‘काय काम?’

‘धार काढायची व्हती.’

‘रोज कोण काढतं?’

‘आप्पा. त्यांला बरं न्हाई.’

‘किती दिवस झाले?’

‘चार.’

‘जागेवर बस. मधल्या सुट्टीत वही घेऊन ये, राहिलेलं लिहून दे.’

बघा, सहानुभूतीचं एक अक्षर नाही. पण बाईंनी ‘किती दिवस झाले’ विचारलं, आणि यादीत ‘आप्पा आजारी’ नोंदलं गेलं. शिक्षा मिळालीच, मधली सुट्टी गेली. पण त्या सुट्टीत चार दिवसांचं राहिलेलंही भरून निघालं. दोन आठवड्यांनी, काही कारण नसताना, बाई दारातूनच विचारतात: ‘आप्पा उठले का?’ खेळणारा तोवर विसरलेला असतो.

गप्प राहिला, तर बाई पाहतात, कॅटलॉग उघडतात, पेन्सिलीनं काहीतरी लिहितात आणि ‘बस’ म्हणतात. काय लिहिलं ते दाखवू नका. ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवा. दहावीला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. ज्या पोराची ती भरत नाही त्याच्यासाठी बाई कॅटलॉग घेऊन मुख्याध्यापकांच्या समोर उभ्या राहतात, तेव्हा खेळणाऱ्याला दिसतं: गैरहजेरी शाईनं, खरीखुरी, एकही खाडाखोड नाही. आणि शेजारी पेन्सिलीनं प्रत्येक दिवसाचं कारण. जे सांगितलं तेही, आणि जे सांगितलं नाही तेही. त्यांनी ते कुठून शोधून काढलं याचं उत्तर मागच्या प्रकरणांत विखुरलेलं असू दे: वस्तीवरची एक फेरी, शिपाई मामांशी झालेलं बोलणं.

बाईंनी खोटी हजेरी लावली असती तर काम लवकर झालं असतं. पण मग त्या दुसऱ्याच कुणी बाई झाल्या असत्या.

हजेरी आणि पूर

गेममध्ये एक छोटी कृती निवडा आणि ती इतक्यांदा करायला लावा की खेळणारा कंटाळेल. आपल्याकडे ती हजेरी. रोज सकाळी नावं पुकारली जातात, स्वतःचं नाव आलं की बटण दाबायचं, ‘हजर, बाई’. चुकलं तर गैरहजर. पहिल्या प्रकरणात ही कटकट वाटते आणि वाटू दे.

मग पाऊस. कोयनेतून पाणी सोडलं की ते कराडला कृष्णेला मिळतं आणि पलूसच्या काठानं खाली सांगलीला जातं. आपल्याकडे पुराच्या दिवसांत एकमेकांना भेटल्यावर पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती?’ १९२९ सालचा तो सांगलीचा पूल म्हणजे सगळ्या जिल्ह्याची मोजपट्टी: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाच्या जागी हाच आकडा ठेवा. बाईंच्या तोंडी तो एकदाही येऊ देऊ नका, गावकरी बोलतील.

शाळा उंचावर आहे, म्हणून गाव शाळेत येतं. वर्गात अंथरुणं, व्हरांड्यात शेरडं, एका खोलीत चूल. वीज नाही. आणि मोहिते बाई कंदिलाच्या उजेडात कॅटलॉग काढून हजेरी घ्यायला लागतात. कुणीतरी म्हणतं, ‘बाई, आज कसली शाळा?’ त्या थांबत नाहीत. एक, दोन, तीन. काही नावांना दुसऱ्या खोलीतून उत्तर येतं. मग एका नंबराला उत्तर येत नाही. बाई तेच नाव पुन्हा घेतात, या वेळी आडनावाशिवाय.

इथं खेळणाऱ्याला पहिल्यांदा पूर्ण मोकळीक द्या. तो पोरगा शेवटचा कुठं दिसला होता हे त्याला माहीत आहे, पण सांगितलं तर आपण दोघं दुपारी पाणी बघायला गेलो होतो हे उघड होणार. इथंच धाक आणि विश्वास यांचे आकडे पहिल्यांदा खरे कामाला येतात.

नोंदवहीतली एक ओळ किती वजनाची असते याची आपल्याकडे मोठी साक्ष आहे. साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आताच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा प्रवेश झाला. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. गेममध्ये हे मुद्दाम घुसडायची गरज नाही. नोव्हेंबरात परिपाठाला कुणी पोर वाचून दाखवेल, तेवढं पुरे.

बाईंची एक चूक

कडक पात्र एकदा तरी सपशेल चुकलं पाहिजे. नाहीतर त्या बाई न राहता तुमचा आवाज होतात. मोहिते बाईंचा कागदावर फार भरवसा, म्हणून चूक तिथंच घडू दे. सहामाहीत खेळणाऱ्याचा पेपर शेजारच्याशी तंतोतंत जुळतो, बाई सगळ्यांसमोर शून्य देतात. नंतर कळतं की उतरवणारा दुसराच होता.

बाई माफी मागत नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच गणित, न सुटलेलं, फळ्यावर. ‘पवार, फळ्यावर.’ खेळणारा सोडवतो. बाई शून्य खोडून गुण लिहितात, सगळ्यांसमोर, आणि खडू त्याच्या हातातून परत घेत नाहीत. ‘पुढचंही तूच.’ आता पर्याय दोन: सोडवायचं, किंवा खडू खाली ठेवून जागेवर जायचं. दुसरा पर्याय निवडला तरी बाई रागावत नाहीत. त्यांना ते मान्य आहे, आणि खेळणाऱ्याला राग धरायचा हक्क आहे.

चेहरे, आवाज, अवजारं

चित्रकाराला बारा हावभाव सांगू नका. मोहिते बाईंना चार पुरतात: नेहमीचा, चष्म्यावरून बघणारा, फळ्याकडे वळलेला, आणि एक थकलेला, जो फक्त शाळा सुटल्यावर. हसरा चेहरा काढूच नका. आवाजात चपलांचा आवाज महत्त्वाचा. व्हरांड्यात तो ऐकू आला की वर्गाचा गलका अर्ध्या सेकंदात खाली आणा.

पहिला खर्डा ट्विनमध्ये (Twine, पर्यायांच्या गोष्टी लिहायचं साधन) करा. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतो आणि कोडिंग जवळजवळ लागत नाही. चित्रांसहित गेम करायचा तर रेन्पाय (Ren'Py), तोही फुकट, त्यातून अँड्रॉइडसाठीही गेम काढता येतो. रेन्पायचा आधीचा ठरलेला फॉन्ट देवनागरीच्या कामाचा नाही. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी उतरवून जोडा आणि रेन्पायची आवृत्ती नवीच घ्या, जुन्यांत जोडाक्षरं फुटतात. तपासायला हे वाक्य पडद्यावर टाका: ‘दुसऱ्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांनी कृष्णेच्या काठावर प्रार्थना म्हटली.’ ऱ्या, द्या, र्थ्यां, ष्णे नीट दिसले आणि वरचे रफार-मात्रा चौकटीत कापले गेले नाहीत, तर काळजी नाही. ओळींमधलं अंतर इंग्रजीसाठी ठेवतात त्यापेक्षा जास्त लागतं.

खेळवून बघा

आधी एक तासाभराचा तुकडा तयार करा, जुलैचा उशीर ते पुराची हजेरी एवढाच. ट्विनमधून एकच फाइल निघते, ती व्हॉट्सॅपवर कुणालाही पाठवता येते. दहावी-बारावीतली पोरं आणि निवृत्त शिक्षक, दोघांनाही द्या. पोरांना विचारायचं, बाई पुढच्या प्रसंगात काय म्हणतील? ओळखता आलं तर पात्र जमलं. शब्दन् शब्द ओळखता आला तर साचेबंद झालं, यादीत दोन नव्या गोष्टी घाला. शिक्षकांना फार काही विचारू नका. ते तुमचं शुद्धलेखन काढतील, पटावरचे नंबर कसे लावतात ते सांगतील, आणि ‘आम्ही असं नाही म्हणायचो’ असं एखाद्या संवादावर बोट ठेवतील. ते म्हणतील तो संवाद लगेच बदला.